शीतकानें चिप सगळी झाकावी काय?

आमचा पुतण्या चलच्चित्रांच्या संपादनाचें काम घरींच करतो, व त्या मिळकतीवर घरांतील दोन मुलांचें शिक्षण चालतें. गेल्या वैशाखांत त्याचा संगणक काम भरांत आलें कीं मंदावूं लागला. यंत्र जुन्या बाजारांतून आणलेलें. आंत एएमडी कंपनीचा २०१७ सालचा थ्रेडरिपर १९५०एक्स हा प्रोसेसर. दुकानदार म्हणाला, प्रोसेसरच गेला. वहिनी पाटल्या मोडण्याच्या गोष्टी बोलूं लागल्या. पुतण्याचें म्हणणें वेगळें होतें : कूलरचा तळ वाटोळा व आंखूड आहे, तो माथा पुरता झाकीत नाहीं. दुकानदाराच्या मतें त्यानें कांहीं बिघडत नाहीं. खरें कोणाचें?

वाचकांपैकीं पुष्कळांचा येथें एक गैरसमज असेल; आमचाही होता. जो धातूचा चौकोन वरून दिसतो तो चिप नव्हे, तें चिपेचें झाकण होय. खरी चिप त्याच्या पोटांत असून ती बरीच लहान असते. उष्णता उत्पन्न होते ती तेथें. साध्या प्रोसेसरांत ती बहुधा मध्यभागीं असल्यामुळें झाकणाचे कोपरे उघडे राहिले तरी विशेष हानि होत नाहीं. मग उष्णता झाकणांत सर्वत्र पसरत नाहीं काय? पसरते, परंतु बेतानें. आमच्या भगिनीवर्गास हें सांगणें नको. पातळ पत्र्याच्या तव्यावर भाकरी ज्वाळेच्या वर करपते आणि कडेला कच्ची राहते. जाड तव्यावर तसें होत नाहीं. झाकण तांब्याचें असलें तरी जाडी थोडी, म्हणून उष्णता मुख्यतः सरळ वरच चढते. वर तांबें भेटलें तर ठीक, हवा भेटली तर वाट खुंटली. कारण तांब्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारें पंधरा हजार पट आहे. मध्यें लेप लावतात तोही फटींतील हवा घालविण्यासाठींच.

थ्रेडरिपरची गोष्ट निराळी. त्याचें झाकण सुमारें ६८ मिलिमीटर लांब व ५१ रुंद. आंत चार तुकडे. १९५०एक्समध्यें त्यांतील दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांकडे असलेले जिवंत, उरलेले दोन केवळ आधारासाठीं. उष्णतेचें मान १८० वॅट. वाटोळा तळ अशा ठिकाणीं मध्य झाकतो आणि जिवंत तुकड्यांच्या कडा उघड्या टाकतो. न्यायशास्त्राच्या भाषेंत हा अव्याप्तीचा दोष. अतिव्याप्ति, म्हणजे तळ झाकणाहून मोठा असणें, ही लक्षणांत दोष असली तरी कूलरांत क्षम्य आहे.

दुकानदारास अगदींच खोटें ठरवितां येत नाहीं. वाटोळ्या तळाचे पाण्याचे कूलर बसविण्याची चौकट एएमडीनें स्वतःच पेटींत दिली होती, व त्यांवर पुष्कळांचें चाललें. उलट २०२३ सालीं नॉक्टुआ कंपनीनें दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरांसाठीं कूलर ७ मिलिमीटर सरकवून बसविण्याची सोय काढली. कारण तेथें चिप मध्यभागीं नसते. एवढ्यानें एक ते तीन अंशांचा फरक पडतो असें ती सांगते. म्हणजे प्रश्न झाकण किती झाकलें हा नसून उष्णतेचें मूळ झाकलें कीं नाहीं, हा आहे.

आम्हीं कूलर काढून पाहिला. वाळलेल्या लेपाचें वर्तुळ उमटलें होतें, बाहेर झाकण कोरें. प्रथम नवा लेप घालून तोच कूलर बसविला, नाहींतर श्रेय कोणाचें हें कळलें नसतें. थोडा फरक पडला, पण मंदावणें गेलें नाहीं. मग ७० बाय ५६ मिलिमीटर तळाचा, याच प्रोसेसरासाठीं केलेला कूलर आणला. त्या रात्रीं यंत्र पहाटेपर्यंत एका गतीनें चाललें.

वहिनींच्या पाटल्या हातांतच आहेत. नवा कूलर मात्र इतका उंच कीं पेटीची बाजू लागत नाहीं. ती उघडीच ठेवावी लागते, आणि दर रविवारीं आंतील धूळ झटकण्याचें काम आमच्याकडे आलें आहे.