एकच वचन, तीन रूपे : महानुभाव गद्य आणि साहित्यप्रकाराचा प्रश्न

साहित्याची व्याख्या करताना ललित आणि ललितेतर अशी विभागणी केली जाते आणि तिचा निकष बहुधा लेखकाचा हेतू हा असतो. हा निकष काटेकोरपणे लावल्यास मराठीतील आद्य गद्यच साहित्याच्या कक्षेबाहेर जाते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले, ते श्रीचक्रधरांच्या आठवणी जतन व्हाव्यात म्हणून. वाङ्मयनिर्मिती हे त्यांचे प्रयोजन नव्हते.

हेतूऐवजी रचनेकडे पाहिले, तर प्रश्नाचे स्वरूप पालटते. श्रीचक्रधरांची वचने महानुभाव परंपरेत तीन रूपांत आढळतात. लीळेत वचन प्रसंगासह येते. स्थळ कोणते, कोणी काय विचारले, उत्तर कोणत्या स्वरात आले, हे सर्व तेथे टिकून राहते; त्यामुळे बोलणारी व्यक्ती समोर उभी राहते. केसोबासांच्या 'सूत्रपाठा'त प्रसंग गळून पडतो आणि संवादातील उत्तराला सिद्धान्ताचे रूप येते. त्यांच्याच 'दृष्टान्तपाठा'त 114 दृष्टान्त असून प्रत्येकाची मांडणी सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशी त्रिविध आहे. जन्मांध माणसे हत्तीचा एकेक अवयव चाचपून त्यालाच हत्ती समजतात, ही कथा तेथे येते. येथे कथेला स्वतंत्र अस्तित्व आहे. तथापि तिचा अर्थ दार्ष्टान्तिकाने नियंत्रित केलेला आहे.

आशयाचे मूळ एकच असूनही वाचकाचा अनुभव भिन्न होतो. लीळेत त्याला व्यक्ती भेटते, सूत्रात नियम आणि दृष्टान्तात प्रतिमा. साहित्यप्रकार हे तयार आशयावर चढविलेले बाह्य आवरण नव्हे; आशयाला अर्थ प्राप्त करून देणारी ती रचना आहे.

याचा पुरावा परंपरेतच सापडतो. सूत्रे प्रसंगापासून सुटी झाल्यावर त्यांचा अर्थ लावण्यासाठी 'प्रकरणवशा'त प्रत्येक सूत्रामागील प्रसंग पुन्हा सांगावा लागला. जे रूपांतरात गळाले होते, ते अनावश्यक नव्हते, याची ही कबुलीच होय.

म्हणूनच एखादा ग्रंथ साहित्य आहे की नाही, हे ठरविताना त्याचे घोषित प्रयोजन पुरेसे ठरत नाही. त्याचा सारांश काढल्यावर काय हरवते, हा प्रश्न अधिक उपयुक्त आहे. लीळेचा सारांश काढला की तात्पर्य उरते, परंतु लीळा उरत नाही. तिचे साहित्यपण नेमके या न उरणाऱ्या भागात आहे.