कॅम्पस नसला तरी कट्टा हवाच!

लॅपटॉप उघडला की कॉलेज सुरू, मिटला की संपलं. ऑनलाइन डिग्री करताय ना? मग हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. लोकल पकडायची घाई नाही, अटेंडन्सची भानगड नाही. पण कॅन्टीनचं कटिंगही नाही आणि सबमिशनच्या आदल्या रात्री 'माझंही झालं नाहीये रे' म्हणणारं कुणी नाही. अभ्यास मागे पडतो तो बरेचदा या एकटेपणामुळेच.

'ही काय खरी डिग्री?' या टोमण्याचं टेन्शन घेऊ नका. मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, हे यूजीसीने २०२२ मध्येच स्पष्ट केलंय. प्रश्न आहे तो दोस्तांचा.

आयआयटी मद्रासने डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम सुरू केलाय. तिथे विद्यार्थ्यांची 'हाउस' आहेत. कान्हा, काझीरंगा, सुंदरबन अशी जंगलांची नावं असलेली. त्यांचा 'पॅराडॉक्स' फेस्ट चेन्नईच्या कॅम्पसवर होतो. एरवी फक्त डीपीतून ओळखीचे असलेले चेहरे तिथे समोरासमोर भेटतात.

तुमच्याकडे असं काही नाही? मग सुरुवात तुम्हीच करा. परीक्षा केंद्रावर पेपर संपला की लगेच घर गाठू नका. शेजारच्या बाकावर विचारा, 'कसा गेला?' चौघं जमलात तर दर रविवारी जवळच्या लायब्ररीत एकत्र बसा. पुढच्या पेपरला जाताना डबा मात्र थोडा जास्तीचा न्या.