दरपत्रकात ‘स्पोर्ट बाइक’ नावाचा रकाना नाही

मोटारसायकलच्या विम्याविषयी तरुण वर्गात जे समज रूढ आहेत त्यांचा मोठा भाग ऐकीव आहे, आणि काही भाग तर थेट अमेरिका-ब्रिटनमधील चित्रफितींतून आलेला आहे. त्या देशांत चालकाचे वय, त्याचा पत्ता, त्याच्या नावावरील वाहतूक-गुन्हे आणि गाडीची शरीरयष्टी या सर्वांचा हिशेब करून हप्ता ठरतो, आणि पुढे वाकून चालवावयाच्या, संपूर्ण प्लास्टिक आवरण असलेल्या गाडीला वेगळा, महागडा वर्ग मिळतो. भारतातील विम्याची घडण निराळी आहे. परदेशी सल्ला येथे जसाच्या तसा लावला की ग्राहक नसलेल्या खर्चाला घाबरतो आणि खरा खर्च जेथे दडलेला असतो तेथे बेसावध राहतो.

पहिला समज असा, की गाडी ‘स्पोर्ट’ प्रकारची असली की कायद्याने सक्तीचा असलेला विमाही महाग पडतो. हा सक्तीचा विमा म्हणजे तृतीय पक्ष विमा, ज्याला व्यवहारात ‘थर्ड पार्टी’ म्हणतात: गाडीमुळे दुसऱ्या कोणाचा मृत्यू, इजा वा मालमत्तेचे नुकसान झाल्यास त्याची भरपाई. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १४६ नुसार तो प्रत्येक गाडीला हवाच, आणि त्याचा दर कंपनी ठरवत नाही, तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय विमा नियामक प्राधिकरणाशी विचारविनिमय करून अधिसूचित करते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या अधिसूचनेत पेट्रोल दुचाकींचे चारच गट आहेत: ७५ सीसीपर्यंत ५३८ रुपये, ७५ ते १५० सीसी ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसी १,३६६ रुपये आणि ३५० सीसीपुढे २,८०४ रुपये, अधिक वस्तू व सेवा कर. गाडीचा आकार, वेग, अश्वशक्ती किंवा रंग यांना या तक्त्यात स्थान नाही.

त्यामुळे काही मजेशीर शेजार घडतात. ३१२ सीसीची, शर्यतीच्या धाटणीची अपाचे आरआर ३१० आणि ३४९ सीसीची, संथपणे धडधडत जाणारी क्लासिक ३५० एकाच गटात बसतात, जरी पहिलीची ताकद दुसरीहून पुष्कळ जास्त असली तरी. १,३४० सीसीची हायाबुसा आणि चाकणच्या कारखान्यात तयार झालेली ३७३ सीसीची केटीएम आरसी ३९० यांचाही तृतीय पक्ष हप्ता एकच आहे. उलट, १५५ सीसीची यामाहा आर१५ केवळ पाच सीसींनी रेषा ओलांडते आणि १४९.५ सीसीच्या पल्सरच्या जवळजवळ दुप्पट हप्ता भरते. गाडी निवडताना हप्त्याचा विचार करावयाचाच असेल तर १५० आणि ३५० हे दोन आकडे लक्षात ठेवावेत; फेअरिंग, म्हणजे इंजिनाभोवतीचे वाऱ्याला फाडणारे प्लास्टिकचे आवरण, आहे की नाही हे येथे गैरलागू आहे.

नव्या गाडीच्या बाबतीत हा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०१८ मधील आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून ही पद्धत सुरू झाली. १५० ते ३५० सीसी गटासाठी पाच वर्षांचा दर ७,३६५ रुपये आहे, म्हणजे एका वर्षाच्या पाचपटीहून थोडा अधिकच. घाऊक खरेदीत सूट मिळावी ही सामान्य अपेक्षा येथे फसते, कारण या रकमेत पुढील पाच वर्षांत दर वाढण्याची शक्यता आधीच गृहीत धरलेली असते. मात्र या पाच वर्षांच्या कागदामुळेच एक मोठा गैरसमज जन्मतो: गाडीचा ‘सगळा विमा’ पाच वर्षांचा आहे, असे मालक धरून चालतो. प्रत्यक्षात शोरूममध्ये मिळणाऱ्या प्रचलित जोड-पॉलिसीत दुसऱ्याच्या नुकसानीचे संरक्षण पाच वर्षांचे, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे, म्हणजे ‘ओन डॅमेज’चे, संरक्षण एकाच वर्षाचे असते. पहिल्या वाढदिवसानंतर गाडी चोरीला गेली आणि नूतनीकरण केलेले नसले, तर उरलेली चार वर्षे छापलेल्या त्या कागदावर एक रुपयाही मिळत नाही.

याच ठिकाणी बचतीची खरी जागाही आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून ओन डॅमेज पॉलिसी स्वतंत्रपणे, दुसऱ्या कोणत्याही कंपनीकडून घेता येते, आणि तृतीय पक्ष विमा एका कंपनीचा व ओन डॅमेज दुसरीचा असण्यास नियमाची काहीही आडकाठी नाही. ‘शोरूमवाल्याचाच विमा घ्यावा लागतो, नाहीतर वॉरंटी जाते’ हे विधान विक्रीच्या टेबलावर जितक्या आत्मविश्वासाने केले जाते तितका त्याला आधार नाही. ओन डॅमेजचे दर १ जानेवारी २००७ पासून नियंत्रणमुक्त आहेत, म्हणून एकाच गाडीसाठी, एकाच विमामूल्यावर, म्हणजे गाडी गेल्यास मिळणाऱ्या कमाल रकमेवर, दोन कंपन्यांच्या दरांत लक्षणीय फरक पडू शकतो, आणि घासाघीस करावयाची तर ती याच भागात करावी. तृतीय पक्षाच्या भागात सूट देऊ करणारा विक्रेता बहुधा दुसऱ्या रकान्यातून ती वसूल करीत असतो.

गाडी गावाकडच्या पत्त्यावर नोंदवली की विमा स्वस्त होतो, हा पुण्या-मुंबईतील लाडका समज. त्यात तथ्याचा कण आहे. नियंत्रणमुक्तीपूर्वीच्या दरपत्रकात देशाचे दोन विभाग होते: अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे ही आठ शहरे ‘अ’ विभागात आणि उरलेला देश, म्हणजे नाशिक, कोल्हापूर व पणजीसुद्धा, ‘ब’ विभागात, आणि अनेक कंपन्या हेच दर पायाभूत मानून त्यांवर आपापली सूट देत आल्या आहेत. पाच वर्षांच्या आतील, १५० ते ३५० सीसीच्या गाडीला ‘अ’ विभागात विमामूल्याच्या १.७९३ टक्के आणि ‘ब’ विभागात १.७६० टक्के दर होता. दोन लाखांच्या विमामूल्यावर हा फरक ३,५८६ आणि ३,५२० रुपयांचा, म्हणजे सहासष्ट रुपयांचा पडतो. कंपनीची सूट वजा केली की त्याहूनही कमी. त्यासाठी खोटा पत्ता देऊन पुढे दाव्याच्या वेळी स्वतःच्याच अर्जातील विसंगतीचे स्पष्टीकरण देत बसणे हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

गाडी वडिलांच्या नावावर घेण्याचा सल्लाही असाच परदेशी हवामानातून आलेला दिसतो. भारतातील प्रचलित दुचाकी पॉलिसीत चालक एकोणीस वर्षांचा आहे की एकोणपन्नास, यावर हप्ता ठरत नाही. तो घनक्षमता, विमामूल्य, गाडीचे वय आणि नोंदणीचे ठिकाण यांवर ठरतो. वडिलांच्या नावामुळे वाचत काही नाही, गमावले मात्र जाऊ शकते. मालक-चालकासाठीचे पंधरा लाखांचे व्यक्तिगत अपघात संरक्षण नोंदणीकृत मालकाच्या नावाने असते आणि त्याच्याजवळ वैध परवाना असावा लागतो, त्यामुळे प्रत्यक्षात रोज गाडी चालवणारा मुलगा या संरक्षणाच्या बाहेर राहतो. शिवाय हे संरक्षण मालकाजवळ आधीच दुसऱ्या वाहनाच्या पॉलिसीतून किंवा स्वतंत्र अपघात विम्यातून पुरेशा रकमेचे असेल, तर ते पुन्हा विकत घेण्याची सक्ती नाही. घोषणापत्र दिले की ती रक्कम हप्त्यातून वगळता येते. ही बाब विक्रेते क्वचितच आपणहून सांगतात.

आता ज्या भागात स्पोर्ट बाइक खरोखरच वेगळी ठरते तो भाग. विमामूल्य, ज्याला ‘आयडीव्ही’ म्हणतात, म्हणजे गाडी चोरीला गेल्यास वा दुरुस्तीपलीकडे मोडल्यास कंपनी देणार असलेली कमाल रक्कम. ती गाडीच्या सध्याच्या शोरूम किमतीतून ठरलेला घसारा, म्हणजे वयानुसारची घट, वजा करून काढतात, आणि दोन ते तीन वर्षांच्या गाडीला तो घसारा ३० टक्के आहे. दोन लाखांच्या गाडीचे विमामूल्य त्यामुळे १,४०,००० रुपये येते. ‘स्वस्त’ पॉलिसीचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे हाच आकडा गुपचूप खाली आणणे. तो १,२०,००० केला तर जुन्या दराने हप्त्यात सुमारे ३५९ रुपये वाचतात, आणि चोरीच्या दिवशी वीस हजार रुपये कमी मिळतात. दोन कंपन्यांच्या हप्त्यांची तुलना करणाऱ्याने आधी दोन्हींकडील विमामूल्य समान आहे का, हे पाहिले नाही, तर त्याने दोन वेगळ्या वस्तूंची तुलना केलेली असते.

विमामूल्यापेक्षाही निर्णायक असतो तो सुट्या भागांवरील घसारा. सामान्य पॉलिसीत रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांवर गाडी कितीही नवी असली तरी ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के, काचेवर शून्य आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार वाढत जाणारी कपात होते. पावसाळ्यातील घाटवळण डोळ्यांपुढे आणावे: खडीवर पुढचे चाक सुटते, गाडी डाव्या अंगावर पडून दहा-पंधरा फूट घसरत जाते. साध्या गाडीचा फूटपेग वाकतो, लिव्हर मोडते, आरसा फुटतो. फेअरिंग असलेल्या गाडीचा मात्र प्रथम रस्त्याला लागतो तो डाव्या बाजूचा मोठा पत्रा, जो पत्रा नसून प्लास्टिक आहे. त्याच्या आतील खुंट्या तुटलेल्या असतात, म्हणून तो चिकटवून चालत नाही, संपूर्ण बदलावा लागतो, आणि त्याच्याबरोबर पुढचा काउल, इंडिकेटर व आरशाचा दांडाही जातो.

समजा, अडीच वर्षांच्या अशा गाडीचे बिल २७,००० रुपये झाले: प्लास्टिक १६,०००, धातूचे भाग ८,०००, मजुरी ३,०००. प्लास्टिकवर ८,००० आणि धातूवर १५ टक्क्यांनी १,२०० रुपये कापले जातात, शिवाय दुचाकीची शंभर रुपयांची सक्तीची वजावट. कंपनी १७,७०० देते आणि ९,३०० रुपये मालकाच्या खिशातून जातात. ही कपात रद्द करणारे पूरक संरक्षण म्हणजे ‘झिरो डेप्रिसिएशन’. साध्या गाडीला ते चैन वाटू शकते, पण जिच्या अंगावर प्लास्टिकच अधिक तिला ते ‘फुकटचा भुर्दंड’ म्हणून नाकारणे हा हिशेबाचा प्रमाद आहे. त्याच्या अटी मात्र वाचाव्यात: ते गाडीच्या ठरावीक वयापर्यंतच मिळते, वर्षातील दाव्यांच्या संख्येवर बहुधा मर्यादा असते, आणि तेल, नटबोल्ट यांसारख्या वापरून संपणाऱ्या वस्तू त्यात आपोआप येत नाहीत.

लहान दावा कधीच करू नये, नाहीतर ‘नो क्लेम बोनस’ जातो, हा सल्ला मोटारींच्या जगातून दुचाकीवर आला आणि तपासल्याशिवाय स्थिरावला. दावारहित वर्षांसाठी ओन डॅमेज हप्त्यात २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के अशी चढती सूट मिळते, आणि एक दावा केला की ती शून्यावर येते. ३५ टक्क्यांवर असलेल्या मालकाने या वर्षी दावा केला तर पुढील पाच नूतनीकरणांत तो अनुक्रमे ४५, ३०, २५, १५ आणि ५, म्हणजे एकूण १२० टक्के गमावतो. दीड लाखाच्या विमामूल्यावर जुन्या दराने मूळ हप्ता सुमारे २,६९० रुपये धरला, तर ही हानी जास्तीत जास्त ३,२२८ रुपये होते. विमामूल्य दरवर्षी घटते आणि कंपनीची सूटही असते, म्हणून प्रत्यक्षात ती त्याहून कमीच. याचा अर्थ पाच-सहा हजारांची भरपाई मिळत असताना बोनसच्या मायेने दावा न करणे तोट्याचे आहे. हा बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो, हेही विसरले जाते: जुनी गाडी विकली की पत्र घेऊन तो नव्या दुचाकीवर नेता येतो, आणि सेकंडहँड गाडी घेणाऱ्याला विकणाऱ्याचा बोनस मिळत नाही. सेकंडहँड गाडीबरोबर तृतीय पक्ष संरक्षण कायद्याने नव्या मालकाकडे येते, परंतु ओन डॅमेजसाठी चौदा दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते.

काही गोष्टी कोणत्याही हप्त्यात येत नाहीत. आयोजित शर्यत, वेगचाचणी आणि भाड्याने वापर हे प्रमाण पॉलिसीच्या वापर-मर्यादेतच वगळलेले असल्याने कोइम्बतूरच्या किंवा चेन्नईजवळच्या ट्रॅकवरील शर्यतीत मोडलेल्या गाडीचा दावा घाटात मोडली असे सांगून करणे ही सरळ खोटी घोषणा ठरते. बाहेरून बसवलेले दिवे, मोबाइल चार्जर यांसारख्या विद्युत उपकरणांची किंमत कंपनीला कळवून जादा हप्ता भरलेला नसेल तर त्यांची भरपाई मिळत नाही, आणि सायलेन्सर बदलण्यासारखे फेरफार कंपनीपासून लपवले तर वादाला निमित्त मिळते.

छोट्या सवलतींत पुण्याच्या एआरएआय संस्थेने मान्य केलेल्या चोरीरोधक यंत्राची सवलत रास्त आहे, जरी ती ओन डॅमेज हप्त्याच्या अडीच टक्क्यांचीच असली तरी. याउलट एक सवलत अशी आहे की ती छापील अर्जात निमूटपणे पडलेली असते: दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा दुचाकीसाठी एक लाख रुपये असते, आणि ती सहा हजारांवर आणण्यास मालक तयार झाला तर तृतीय पक्ष हप्त्यात वर्षाला पन्नास रुपये कमी होतात. सिग्नलला थांबलेल्या मोटारीच्या मागच्या दरवाजावर गाडी आदळली, तर सहा हजारांपलीकडचे सारे बिल त्या पन्नास रुपयांच्या बदल्यात मालकाने स्वतः स्वीकारलेले असते.