हुकुमाचे राज्य, हक्काचे राज्य

दरवर्षी २६ जूनला सकाळपासून कसबा बावड्याचा रस्ता गजबजतो. १८७४ साली याच दिवशी इथल्या लक्ष्मीविलास राजवाड्यात राजर्षी शाहू छत्रपतींचा जन्म झाला. मंत्री येतात, अधिकारी येतात, शाळकरी मुलांच्या रांगा येतात. पुतळ्याला हार पडतात, भाषणे होतात. २००६ पासून हा दिवस राज्यभर सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो. दुपारी गर्दी ओसरली, की मग चावडीच्या कट्ट्यावर खरी चर्चा रंगते, आणि तिचा शेवट ठरलेला असतो. कुणीतरी म्हातारा माणूस पान जुळवत म्हणतो, "आज म्हाराज पायजे हुतं. एका हुकमात सगळं सरळ केलं असतं."

मी बावड्याचाच. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्यातली माया खरी आहे, याविषयी मला शंका नाही. पण राज्यघटनेला पाऊणशे वर्षे उलटून गेल्यावरही आपल्याला हुकूम सोडणारा राजाच हवासा वाटतो, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. हुकूम चांगला होता म्हणून तो आठवतो. पण तसाच वाईट हुकूम निघाला असता, तर जाब कुणाला विचारला असता?

इथे बाहेरगावच्या वाचकांसाठी एक खुलासा करतो. कसबा बावडा वेगळा आणि गगनबावडा वेगळा. गगनबावडा हा रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याच्या जहागिरीचा. याच पंतांच्या नावावर असलेले 'आज्ञापत्र' १७१५-१६ च्या सुमारास करवीरच्या गादीच्या नावाने निघाले. राजाने प्रजेला कसे जपावे, सावकार-व्यापारी कसे सांभाळावेत, आरमारासाठी लाकूड हवे म्हणून रयतेच्या आंब्या-फणसांवर कुऱ्हाड का चालवू नये, समुद्रावरच्या टोपीकरांपासून कसे सावध राहावे, हे सारे त्यात आहे. राज्यकारभारावर मराठीत इतके शहाणपणाने लिहिलेले दुसरे जुने पुस्तक क्वचितच सापडेल. पण राजाने हे ऐकले नाही तर पुढे काय, याचे उत्तर त्यात नाही. असू शकत नव्हते. त्याच्याही पाचशे वर्षे आधी, १२१५ मध्ये, इंग्लंडच्या सरदारांनी आपल्या राजाकडून मॅग्ना कार्टा लिहून घेतली होती. सरदारांनी ती घेतली ती आपल्यापुरती, कुळांचा कळवळा येऊन नव्हे. तरी राजाही कायद्याच्या खाली आहे, ही कल्पना त्या कागदातून पुढे वाढत गेली. आपल्याकडे राजाला उपदेश झाला, त्याच्याकडून लिहून घेणे झाले नाही.

शाहू महाराज गादीवर आले तेव्हा करवीरचा राजाही पुरता स्वतंत्र नव्हता. १८५७ च्या उठावात कोल्हापुरातली २७ वी पलटण उठली. महाराजांचे भाऊ चिमासाहेब यांना इंग्रजांनी कराचीला नेऊन ठेवले, ते परत आलेच नाहीत. १८६२ च्या कराराने महत्त्वाच्या कारभारात इंग्रज एजंटाचा सल्ला मानणे दरबारावर आले. चौथे शिवाजी महाराज १८८३ मध्ये अहमदनगरला इंग्रजांच्या पहाऱ्यात वारले. त्यानंतर मार्च १८८४ मध्ये कागलकर घाटग्यांचा नऊ वर्षांचा यशवंतराव दत्तक आला आणि शाहू झाला. अधिकार हाती आले ते २ एप्रिल १८९४ रोजी. वर एजंट आणि खाली जुनी नोकरशाही, यांच्यामधल्या अरुंद जागेत या माणसाने जे केले, त्याला तोड नाही.

१९०२ चा जाहीरनामा घ्या. महाराज सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणासाठी विलायतेत होते आणि इकडे २६ जुलै १९०२ च्या करवीर सरकारच्या गॅझेटात हुकूम छापून आला: यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा पन्नास जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांनी भराव्यात. महाराजांनी कारभार घेतला त्या साली दरबारातल्या ७१ वरिष्ठ जागांपैकी ६० एकाच जातीकडे होत्या. हुकूम कोरडा नव्हता. मागासलेले म्हणजे कोण, याची व्याख्या त्यात होती. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकी सारे मागासलेले. ज्या खात्यात पन्नासाचे प्रमाण भरत नसेल तिथे पुढची नेमणूक याच वर्गातून व्हावी, आणि प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी आपल्या खात्याचे आकडे सरकारला कळवावेत, असेही बजावले होते. या तिमाही आकड्यांचे मला सर्वांत कौतुक वाटते. नुसती घोषणा करणारा राजा आणि हिशेब मागणारा राजा यांत हाच फरक असतो.

शिक्षणाचेही तसेच. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. माझे आजोबा तेव्हा आठ वर्षांचे होते, गुरांमागे हिंडत होते. त्यांचे वडील शिक्षणाच्या आवडीने वळले नाहीत, त्या रुपयाच्या धाकाने वळले. आजोबा मोडीही शिकले आणि बाळबोधही, आणि पुढे आयुष्यभर गल्लीतल्या सगळ्यांची पत्रे वाचून दाखवत राहिले. "मी एक रुपयाचा शिकलो," असे ते हसत सांगत.

याच विषयाचे विधेयक नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये कलकत्त्याच्या मध्यवर्ती कायदे कौन्सिलात मांडले होते. गोखल्यांचेही सुरुवातीचे शिक्षण कागल आणि कोल्हापुरातच झालेले. सरकारी मतांच्या जोरावर ते विधेयक पुढच्या साली फेटाळले गेले. म्हणजे कलकत्त्यात चर्चा झाली, मतदान झाले आणि कायदा झाला नाही. कोल्हापुरात चर्चा नाही, मतदान नाही, तरी कायदा झाला. कट्ट्यावरचा म्हातारा हेच तर म्हणतो! पण कलकत्त्याच्या कौन्सिलातले बहुसंख्य सभासद लोकांनी निवडलेले नव्हते, हे तो विसरतो. तिथे लोकशाही हरली नव्हती. ती तिथे अजून आलीच नव्हती.

आणखी एक गोष्ट कोल्हापुरात घरोघरी सांगतात. गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पागेतले नोकर. सवर्णांच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढून दिले, आणि स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले. महाराज घेतात म्हटल्यावर बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही घ्यावा लागे. हा चहा एखाद्या कायद्यापेक्षा मोठे काम करून गेला. पण महाराजांची गाडी त्या रस्त्याने गेली नाही त्या दिवशी किती गिऱ्हाईक आले असेल, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. सारा भार एका माणसाच्या येण्यावर होता.

शाहूकाळात लोकांनी निवडलेले कायदेमंडळ कोल्हापुरात नव्हते. त्यावर टिळकांच्या बाजूची वर्तमानपत्रे टीका करीत, महाराजांना इंग्रजधार्जिणे म्हणत. त्यांचा रोख सगळाच खोटा नव्हता, पण उत्तरही तितकेच बिनतोड होते. जातवार प्रतिनिधित्वाशिवाय मिळालेले स्वराज्य मूठभरांच्याच हाती जाईल, असे महाराज जाहीरपणे सांगत. एका बाजूला स्वातंत्र्य आधी, दुसऱ्या बाजूला समता आधी. या भांडणात आमच्या जिल्ह्याने फार वर्षे घालवली.

भांडण सुटण्याची वाट जिथे दिसली ते ठिकाण बावड्यापासून फार लांब नाही. माणगाव, तेव्हाच्या कागल जहागिरीतले. तिथे २१ व २२ मार्च १९२० रोजी परिषद भरली. अध्यक्ष होते तिशीच्या आतले डॉ. आंबेडकर, ज्यांचे 'मूकनायक' त्याच जानेवारीत महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने निघाले होते. परिषदेत महाराज स्वतः उठले आणि समोरच्या अस्पृश्य बांधवांना म्हणाले, की तुम्ही तुमचा पुढारी शोधून काढलात, हे तुमचे अभिनंदन करण्यासारखे आहे. राजाने आपणहून 'मी तुमचा पुढारी नव्हे, हे तुमचे पुढारी' असे सांगावे, हे राजेपणाच्या रीतीत बसत नाही. महाराजांच्या सगळ्या हुकुमांपेक्षा मला हे भाषण मोठे वाटते. दोन वर्षांनी, ६ मे १९२२ रोजी, ते मुंबईत वारले.

पुढचा अध्याय शाळांत फारसा शिकवत नाहीत. १९३९ मध्ये जयसिंगपूरला कोल्हापूर संस्थान प्रजापरिषद उभी राहिली. पुढारी भाई माधवराव बागल. वडील खंडेराव हे महाराजांच्या जवळच्या वर्तुळातले, स्वतः माधवराव सत्यशोधक वळणाचे चित्रकार, आणि शाहूंवर त्यांची अपार भक्ती. तरी दरबाराविरुद्ध उभे राहिले तेच. मागणी होती जबाबदार राज्यपद्धतीची. राज्य लोकांना जबाबदार हवे, सारा कमी हवा. पुढाऱ्यांना तुरुंग मिळाला. १९४२ मध्ये शहरातल्या विल्सन साहेबाच्या पुतळ्याला विद्रूप करायला दोन बायका पुढे झाल्या, ही आठवण जुनी माणसे अजून काढतात. शाहूंच्या सक्तीच्या शाळांत शिकलेली पिढीच शाहूंच्या गादीकडे हिशेब मागू लागली होती. महाराज असते तर रागावले असते की मनात सुखावले असते, हे ज्याने त्याने ठरवावे.

त्याच साली शेजारच्या औंध संस्थानात उलट्या बाजूने गोष्ट घडली. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने जानेवारी १९३९ मध्ये स्वतःहून घटना जाहीर केली आणि कारभार गावपंचायतींच्या हाती दिला. मात्र मत द्यायचे तर वाचता-लिहिता आले पाहिजे, ही अट होती. माझ्या आजोबांना औंधात मत मिळाले असते. आजीला मिळाले नसते.

आजीला मत मिळाले ते राज्यघटनेने. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकारली गेली. ती करणाऱ्या घटना समितीत आमच्या शिरोळ तालुक्यातल्या निमशिरगावचे, प्रजापरिषदेच्या लढ्यातून आलेले देशभक्त रत्नाप्पाण्णा कुंभार होते. मसुदा समितीचे अध्यक्ष होते माणगावचे ते अध्यक्ष. आणि ९ डिसेंबर १९५० रोजी माधवराव बागलांच्या पुढाकाराने बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे बसले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. प्रजापरिषदेच्या पुढाऱ्याने कुणाला मान दिला, हे पाहण्यासारखे आहे.

घटनेच्या सोळाव्या कलमात १९०२ च्या गॅझेटाचा अर्थ आला. पण फरक काय पडला, तो पुढच्याच वर्षी दिसला. मद्रास सरकारचा जातवार जागावाटपाचा जुना आदेश १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चंपकम दोराईराजन खटल्यात रद्द ठरवला. एका विद्यार्थिनीच्या तक्रारीवरून सरकारी आदेश पडला! मग संसदेला घटनेची पहिलीच दुरुस्ती करून पंधराव्या कलमात नवे पोटकलम घालावे लागले, उघड चर्चा करून. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने पन्नास टक्के ही आरक्षणाची कमाल मर्यादा ठरली. शाहूंच्या हुकुमात पन्नास हा गाठायचा टप्पा होता. न्यायालयाच्या निकालात तो न ओलांडायचा उंबरा झाला. मे २०२१ मध्ये मराठा आरक्षणाचा कायदा रद्द झाला, तेव्हा बावड्याच्या कट्ट्यावर महाराजांची आठवण पूर्वी कधी निघाली नसेल इतक्या कळवळ्याने निघाली. तो राग मला समजतो. घरात शिकलेला आणि बेकार बसलेला मुलगा असला, की कलम-पोटकलमांनी पोट भरत नाही. पण ज्या अधिकाराने न्यायालय आपल्याला हवा असलेला कायदा पाडते, त्याच अधिकाराने ते आपल्यावर उलटलेला कायदाही पाडते. त्यातला एकच भाग निवडून घेता येत नाही.

आणि सक्तीच्या शिक्षणाचे म्हणाल, तर तो मुलांचा मूलभूत हक्क म्हणून घटनेत आला २००२ च्या दुरुस्तीने, आणि त्याचा कायदा अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. कोल्हापूरच्या हुकुमानंतर त्र्याण्णव वर्षांनी. उशीर लाजिरवाणा आहे. फक्त आता दंड पालकाच्या डोक्यावर नाही. शाळा नसेल तर जाब सरकारला द्यावा लागतो.

शाहूकाळात प्रजेचा शेवटचा अर्ज हुजुरांकडे जाई. आज बावड्याच्या रस्त्यावर जिल्ह्याचे न्यायसंकुल आहे. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात, सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या न्यायालयात बसू लागले आहे. सहा जिल्ह्यांतल्या माणसाला सरकारविरुद्ध रिट दाखल करायला आता मुंबईची रात्रीची गाडी धरावी लागत नाही. 'रिट' या शब्दाची गंमत वकील मंडळींनाही नेहमी आठवत नाही. जुन्या इंग्लंडात रिट म्हणजे राजाचा लेखी हुकूम. राजा तो आपल्या अधिकाऱ्याला पाठवी. शतके लोटली आणि तोच कागद प्रजेच्या बाजूने सरकारवर बजावला जाऊ लागला. परवा आमच्या शेजारचे एक शेतकरी भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी तसलाच कागद करून आले. वकिलाची फी, झेरॉक्स आणि वडापाव धरून किती खर्च आला, हे सांगताना ते चिडलेले होते. पुढची तारीख दिवाळीनंतरची पडली आहे.