कैरोतली मुलुखिया, शास्त्री बाजारातली चेंच

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं इजिप्तला गेलो होतो. सहलीबरोबर आपला मराठी आचारी होता, त्यामुळे पिरॅमिड पाहून परतलं की गरम वरण-भात आणि बटाट्याची भाजी तयार असायची. चौथ्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, ‘एवढ्या लांब येऊन इथल्या मातीतलं काहीच न खाता परत जायचं का?’ वाटाड्याला विचारून आम्ही कैरोच्या जुन्या भागातल्या एका खानावळीत गेलो. पुढ्यात मुलुखिया आली. बारीक चिरलेल्या पानांचं हिरवंगार, दाटसर कालवण, वर तुपात परतलेला लसूण आणि धणे, शेजारी पांढरा भात. चमचा उचलला की भेंडीसारखी तार निघत होती. हजार वर्षांपूर्वी अल-हाकिम नावाच्या खलिफाने या भाजीवर बंदी घातली होती, तरी इजिप्तने ती सोडली नाही, हे वाटाड्याने आम्हाला किती अभिमानाने सांगितलं!

रायपूरला परतल्यावर मी मुलुखियाच्या पानांचा तिथे काढलेला फोटो आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना दाखवला. पानांकडे बघून त्या म्हणाल्या, ‘ए तो चेंच भाजी आय, दीदी.’ दुसऱ्या दिवशी शास्त्री बाजारातून जुडी घेऊनच आल्या. लांबट, कातरलेल्या कडांची पानं, देठाजवळ दोन बारीक मिशा. वनस्पती तीच, जिच्या खोडातून गोणपाटाचा धागा निघतो ती. बाईंनी लसूण आणि सुकी मिरची तेलात टाकली, भिजवलेली हरभऱ्याची डाळ घातली, शेवटी आंबटपणासाठी ताक. घरभर वास सुटला. रायपूरच्या तात्यापाऱ्यात माझा जन्म गेला, पण ही भाजी माझ्या ताटात पहिल्यांदा आली ती कैरोला जाऊन आल्यावर. त्या दिवशी मला खरोखर वाईट वाटलं.

रायपूरचे मराठी लोक इथे कालपरवा आलेले नाहीत. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा छत्तीसगडात शिरल्या आणि 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहू लागले. पुढे कचेऱ्या, शाळा आणि रेल्वेच्या नोकऱ्यांनी आणखी घरं आली. आम्ही गणपती बसवले, नाटकं केली, गोडा मसाला नागपूरहून मागवला. आईने पुरणपोळीत कधी कसूर केली नाही आणि मीही केली नाही. आपलं जपलं याचा मला आनंदच आहे. पण शेजारणी एकमेकींना भेटल्या की ‘का साग रांधे हस?’ म्हणजे ‘आज कालवण काय केलंस?’ असं विचारायच्या, तो प्रश्न आमच्या कुंपणापर्यंत येऊन थांबायचा. उत्तर ऐकायला आम्ही कधी गेलोच नाही.

छत्तीसगडीत ‘भाजी’ म्हणजे फक्त पालेभाजी. लाल भाजी, चरोटा म्हणजे आपला टाकळा, अमारी म्हणजे अंबाडी, बर्रे म्हणजे करडईचा पाला, रताळ्याच्या वेलाची कांदा भाजी, बोहार, खेडा. छत्तीसगडात छत्तीस भाज्या असं लोक म्हणतात, पण बाजारात पावसाळ्यात एक फेरी मारली तर आकडा सहज पुढे जाईल. थंडीतली तिवरा भाजी भंडारा-गोंदियाकडच्या वाचकांना सांगायला नको. तिकडे ती लाखोळी. उभ्या धानात बी फेकायचं, धान कापलं की उरलेल्या ओलीवर रोप वर येतं, त्याचे कोवळे शेंडे खुडायचे. सीमेच्या दोन्ही बाजूंना पद्धत एकच.

बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला यातलं काय मिळतं? स्टेशनवर उतरल्यावर पोहे-जिलेबी, दुपारी डोसा, रात्री पनीर. इथलं खरं जेवण घराघरांत शिजतं आणि घरातच संपतं. परदेशात स्थानिक पदार्थ सापडतो, कारण तो विकायची जागा आणि सांगायची गोष्ट कुणीतरी तयार केलेली असते. सिंगापूरने रस्त्यावरच्या फेरीवाल्यांसाठी 1970 च्या दशकात पाण्याची, नळाची सोय असलेली केंद्रं बांधून दिली, आणि 2020 मध्ये त्या खाद्यसंस्कृतीला युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळालं. रायपुरात तसा एक चांगला प्रयत्न 2016 मध्ये झाला. महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात ‘गढकलेवा’ सुरू झालं. बायकांचा बचतगट रांधतो आणि पानात फक्त छत्तीसगडी पदार्थ येतात.

तिथला फरा एकदा तरी खाऊन बघा. तांदळाच्या पिठात उरलेला भात घालून मळतात, तळहातांवर बोटाएवढ्या लांब वळ्या वळतात, वाफवतात, मग मोहरी, तीळ, हिरवी मिरची आणि कढीपत्त्याच्या फोडणीत परततात. बाहेरून तीळ खमंग, आतून मऊ आणि किंचित चिवट. उकडीच्या मोदकाची पारी ज्याला नुसती खायला आवडते, त्याचा जीव फऱ्यात अडकणारच. कोरियात तांदळाच्या अशाच वळ्यांना लाल तिखट रस्सा देतात. तो पदार्थ खायला आपली मुलं पुण्या-मुंबईत रांगा लावतात.

बाकीचे पदार्थही अनोळखी वाटत नाहीत. चीला म्हणजे आपलं धिरडं. अइरसा म्हणजे खसखस न लावलेला गुळाचा अनारसा. इडहर म्हणजे कढीत सोडलेली उडदाच्या वाटणाची अळूवडी. पळसाच्या पानांत भाजलेली अंगाकर रोटी पाहिली की कोकणातली पानगी आठवते. पोळ्याच्या दिवशी इथे ‘पोरा’ असतो. मुलं मातीचे बैल ओढतात आणि देवापुढे ठेठरी-खुरमी ठेवतात. ठेठरी कडबोळ्यांच्या जातीची, खुरमी गुळाच्या शंकरपाळ्यांची. दिवाळीत देहरौरी होते. तांदळाचा रवाळ भरडा दह्यात आंबवून, तळून पाकात सोडतात.

आणि बासी. रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवायचं, सकाळी कांदा, मीठ, हिरवी मिरची आणि पताल चटणीबरोबर खायचा. पताल म्हणजे टोमॅटो. रात्रभरात भात किंचित आंबतो, पाण्याला हलका आंबट स्वाद येतो. उन्हात रोवणी-कापणी करणाऱ्याचं पोट दुपारपर्यंत शांत राहतं. आमच्या घरी मात्र शिळ्या भाताला फोडणी मिळायची आणि बासी हे ‘त्यांचं’ खाणं समजलं जायचं. हाच आमचा मोठा दोष. बंगालमध्ये याला पांता भात म्हणतात. 2021 मध्ये ‘मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया’च्या अंतिम फेरीत किश्वर चौधरी यांनी तो परीक्षकांपुढे ठेवला आणि जगभर कौतुक झालं. 1 मे 2022 ला तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी कामगारांच्या सन्मानासाठी सगळ्यांनी बोरे-बासी खावी असं आवाहन केलं. मोठमोठे अधिकारी कांद्याच्या फोडीसह त्या दिवशी फोटोत दिसले. त्यात राजकारण असेल, पण पहिल्यांदाच शहरातल्या अनेक मुलांनी बासी चाखली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

अस्सल म्हणजे जुनं आणि शुद्ध, असं मी मानत नाही. टोमॅटो आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातून आली, तरी पताल चटणीइतकं रायपुरी काही नाही. इथली माणसं रोज, आपल्यासाठी जे रांधतात ते अस्सल. भातापुरती तर ही भूमी अपार श्रीमंत आहे. भातशास्त्रज्ञ डॉ. रिछारियांनी गावोगाव फिरून धानाची वाणं गोळा करायला सुरुवात केली, आणि आज रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात 20 हजारांहून अधिक नमुने जपलेले आहेत. सरगुज्याच्या जीराफूलला 2019 मध्ये आणि नगरीच्या दुबराजला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आम्ही मात्र कित्येक वर्षं बाहेरून आलेल्या पिशवीबंद बासमतीच्या मागे होतो.

नागपूरहून रायपूर रेल्वेने पाच-सहा तासांवर आहे. पासपोर्ट लागत नाही. चेंच हवी असेल तर पावसाळ्यात या, तिवरा हवी असेल तर डिसेंबर-जानेवारीत. शास्त्री बाजारात सकाळी लवकर जा, आणि भाजी विकणाऱ्या बाईंना ती कशी रांधायची ते जरूर विचारा. त्या हातातलं काम थांबवून सांगतात.