नर्गिगांतेपाशीच सगळे का अडकतात? (एपिसोडचा लेखी मजकूर)

आज एल्डर ड्रॅगन. बरेच दिवस तुम्ही हा विषय मागताय, आणि प्रश्न साधारण एकाच साच्याचा असतो: "दादा, नर्गिगांते मरत नाहीये, कोणतं हत्यार घेऊ?" हत्याराचं उत्तर दोन मिनिटांचं आहे, ते देतोच. पण घोडं पेंड खातंय ते वेगळ्या ठिकाणी.

ज्यांनी गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. मॉन्स्टर हंटर ही कॅपकॉमची जुनी सिरीज, पहिला गेम २००४ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला. आपण बोलतोय ते मॉन्स्टर हंटर: वर्ल्डबद्दल. तो जानेवारी २०१८ मध्ये कन्सोलवर आला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पीसीवर. आता सेलमध्ये बऱ्यापैकी स्वस्त मिळतो, त्यामुळे अजूनही लोक नव्याने सुरू करतात. मोठा प्राणी शोधायचा, मारायचा, त्याच्या खवल्या-हाडांपासून हत्यार नि चिलखत बनवायचं, मग त्याहून मोठ्या प्राण्यामागे जायचं. हंटला बहुतेक वेळा ५० मिनिटं मिळतात आणि तीनदा बेशुद्ध पडलात की खेळ खलास. चौघं मिळून खेळत असाल तर हे 'तीनदा' चौघांचं मिळून असतं. म्हणजे तुम्ही एकटेच तीनदा आडवे झालात तरी बाकी तिघांची अर्धा तासाची मेहनत पाण्यात. ऑफिस किंवा क्लास करून रात्री तासभर खेळणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हे फार महाग प्रकरण आहे.

आता एल्डर ड्रॅगन म्हणजे काय? या दुनियेतले दंतकथेतले प्राणी समजा. बाकीच्या प्राण्यांचं एक पोट, एक घरटं, एक इलाका असतो. हे जिथे जातात तिथलं हवामानच बदलतं. त्यांचा माग लागला की रस्ता दाखवणारे आपले ते काजवे, स्काउटफ्लाय, हिरव्याचे निळे होतात. आणि सगळ्यात त्रासदायक गोष्ट: यांना सापळे चालत नाहीत. शॉक ट्रॅप नाही, खड्डा नाही, जिवंत पकडणं नाही. इथपर्यंत येताना ज्या युक्तीवर तुम्ही अर्धे हंट काढलेत, ती एका फटक्यात बाद.

त्यात या गेममध्ये प्राण्याच्या डोक्यावर हेल्थ बार नसतो. किती उरलाय ते कळत नाही. बारच नाही म्हटल्यावर नजर जाते कुठे? प्राण्याच्या अंगावर. तो धापा टाकतोय का, शेपूट तुटली का, चिडलाय का. ज्यांची नजर तिथे जात नाही ते स्वतःच्या हत्याराच्या कॉम्बोकडे बघत बसतात. अडकतात ते हेच लोक.

तर नर्गिगांते. काळा, शिंगवाला, अंगभर काटे, आणि खाणं म्हणजे दुसरे एल्डर ड्रॅगन. कथेत हा खऱ्या अर्थाने समोर येतो तो एल्डर्स रिसेसमध्ये. तो आग ओकत नाही, वीज पाडत नाही, विष सोडत नाही. सरळ अंगाने मारतो. त्यामुळे 'फायर रेझिस्टन्स वाढवू का' वगैरे प्रश्नच नाही. आर्मर स्फिअर साठवून ठेवले असतील तर ते आता चिलखतावर घाला, डिफेन्स वाढवा. हत्यार विजेचं, म्हणजे थंडर एलिमेंटचं. टोबी-कदाचीच्या भागांपासून बनतं ते चालेल. झालं हत्याराचं उत्तर.

आता खरी गोष्ट. नर्गिगांतेच्या अंगावरचे काटे हेच त्याचं घड्याळ आहे. लढाई सुरू झाली की पुढच्या पायांवर, डोक्यावर, पंखांवर, शेपटीवर पांढरे काटे फुटायला लागतात. पांढरे म्हणजे कोवळे. त्यावर घाव घातला की ते तुटतात, आणि पुरेसे तुटले की हा एवढा मोठा प्राणी कोलमडून खाली पडतो. तुम्हाला फुकटात पाच-सहा घाव मिळतात. पण तुम्ही तोडले नाहीत तर ते हळूहळू काळे होतात. काळे म्हणजे पक्के. त्यावर तलवार मारली की खण्णकन उलटते, तुम्ही लडखडता, आणि तेवढ्यात पंजा येतो.

आणि अंगभर काळे झाले की मग ती सगळ्यांना माहीत असलेली उडी. वर झेप घेतो, तिरका होऊन तुमच्यावर कोसळतो, काटे चहूकडे फुटतात. हिने लोक मरतात. बहुतेकांच्या 'दोन मिनिटांत एका फटक्यात गेलो' या तक्रारीतला तो फटका हाच.

मी दिवसा कोड लिहितो, त्यामुळे मला हे सरळ स्टेट मशीन दिसतं. पांढरे, काळे, स्फोट, परत पांढरे. त्या उडीनंतर काटे झडलेले असतात आणि चक्र पहिल्यापासून सुरू होतं. म्हणजे उडी हुकवलीत तर पुढची काही सेकंदं हा सगळ्यात उघडा असतो. लोक नेमके तेव्हाच लांब पळून औषध पीत बसतात. औषध प्या, पण मग लगेच परत या. ती खिडकी तुमची आहे.

उडी हुकवायची कशी? हे नीट ऐका, कारण गेम हे धडपणे शिकवत नाही. हत्यार म्यान करा. प्राण्याकडे पाठ करून धावा. धावता धावता रोलचं बटण दाबा. तुमचा शिकारी सूर मारल्यासारखा पोटावर झेप घेतो, आणि त्या झेपेत त्याला काहीही लागत नाही. अक्षरशः काहीही. अट तीनच गोष्टींची: हत्यार म्यानात, पाठ प्राण्याकडे, पळत असताना. यातली एक चुकली की साधा रोल होतो, आणि साध्या रोलने त्या उडीतून वाचायला फार अचूक वेळ साधावी लागते.

आता तुमच्या लक्षात येईल की काट्यांकडे बघायचं का. काटे काळे झालेले दिसले की उडी जवळ आली. मग ग्रेट सोर्डचा लांबलचक चार्ज सुरू करायचा नाही. या गेममध्ये एकदा बटण दाबलं की वार अर्धवट सोडून पळता येत नाही. हात उचलला की उचलला. म्हणून काळे दिसताच एक-दोन छोटे घाव आणि हत्यार म्यानात, असा दम धरायचा. पांढरे असताना मनसोक्त हाणा. एवढी एक शिस्त पाळली तरी तीनपैकी दोन बेशुद्धी वाचतात, हा माझा अंदाज. काही फोरममास्तर म्हणतील 'काळ्यावर पण मारा, माइंड्स आय स्किल लावा, उलटत नाही.' बरोबर आहे त्यांचं. पण पहिल्यांदाच त्याच्यासमोर उभं राहणाऱ्याला हा सल्ला देऊ नका, प्लीज.

पंजा आपटतो तेव्हाचं एक. तो एक पुढचा पाय उंच उचलतो, क्षणभर थांबतो, मग आपटतो. तो क्षणभराचा थांबा म्हणजे तुम्हाला दिलेली नोटीस आहे. सरळ मागे पळालात तर पंजा तुमच्यापर्यंत पोचतो. उचललेल्या पायाच्या विरुद्ध बाजूला, जवळजवळ त्याच्या अंगाखाली घुसा. सुरुवातीला हे वेडेपणाचं वाटतं. दहा वेळा केलंत की तीच सगळ्यात सुरक्षित जागा वाटायला लागते.

मी सुचवतो ती पद्धत: पहिला हंट मारण्यासाठी खेळूच नका. एकटे जा, कँटीनमध्ये पोटभर जेवून जा म्हणजे हेल्थ वाढते, आणि पहिली दहा मिनिटं एकही घाव न घालता फक्त बघा. प्रत्येक हल्ल्याआधी तो काय करतो? डोकं खाली घालतो? पंख पसरतो? पाय उचलतो? मनात नावं द्या. 'थप्पड', 'रेडा', 'विमान', काहीही. नाव दिलं की मेंदू ओळखायला लागतो. दहा मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतील, पण तसंही तीनदा पडून अर्धा तास जाणारच होता.

हीच नजर बाकीच्यांना कशी लागू पडते ते थोडक्यात.

कुशाला डाओराभोवती वाऱ्याचं कवच असतं, जवळ गेलं की ढकलतं. लोक त्या वाऱ्याशीच भांडत बसतात. त्याला विषबाधा करा, वारा पडतो. पुकेई-पुकेई किंवा रॅथियनच्या भागांपासून विषारी हत्यारं होतात. आणि हवेत घिरट्या घालत बसला की डोळ्यांसमोर फ्लॅश पॉड फोडा, धाडकन खाली येतो. फ्लॅश पॉड एका वेळी तीनच नेता येतात, म्हणून ते बनवायचं सामान पिशवीत वेगळं ठेवा. पुढे आईसबोर्नच्या मास्टर रँकमध्ये फ्लॅशचा जोर कमी केलाय, तेव्हा ही सवय तिथे जशीच्या तशी चालणार नाही.

तेओस्त्रा आगीचा. याच्याविरुद्ध पाणी किंवा बर्फ. अंगावर ठिणग्यांची पूड चिकटली की थोड्या वेळाने ती फुटते. त्याआधी दोन-तीनदा लोळलात की झडून जाते. त्याचा मोठा स्फोट येण्याआधी तो जागीच थोडा वर उचलला जातो आणि भोवतीची हवा चमकायला लागते. ते दिसलं की लांब पळा, नाहीतर मघाशी सांगितलेली झेप. हातात फ्लॅश पॉड असेल आणि हिंमत असेल तर त्याच क्षणी मारा, स्फोट व्हायच्या आधीच तो खाली पडतो. चौघांत एकाने हे जमवलं की बाकी तिघं त्याला आयुष्यभर मान देतात.

काही हत्यारांवर 'एल्डरसील' असं लिहिलेलं असतं आणि नवीन लोक ते बघतही नाहीत. ते फक्त एल्डर ड्रॅगनसाठी आहे. पुरेसे घाव बसले की त्यांचं कवच, म्हणजे वारा, आग, नर्गिगांतेचे वाढणारे काटे, काही काळ दबतं. दोन हत्यारांत फार फरक नसेल तर हे असलेलं घ्या.

आता एक वादाचा मुद्दा. आईसबोर्न हे एक्स्पान्शन सप्टेंबर २०१९ मध्ये कन्सोलवर आणि जानेवारी २०२० मध्ये पीसीवर आलं. नवीन लोकांना तिथे लवकर पोचता यावं म्हणून कॅपकॉमने सुरुवातीलाच गार्डियन चिलखत आणि डिफेंडर हत्यारं फुकट द्यायला सुरुवात केली. फार दणकट सामान आहे. ते घालून मूळ गेम झरझर संपतो, नर्गिगांतेसुद्धा. उडी अंगावर आली तरी माणूस उठून उभा राहतो, मग ती हुकवायची कशी हे शिकणार कोण? आणि आईसबोर्नमध्ये पोचलात की तेच सामान हलकं पडतं. तिथे पहिल्याच प्राण्यापाशी लोक अडकतात आणि गेमला शिव्या घालतात.

माझं मत: तुमचे मित्र आईसबोर्नमध्ये वाट बघतायत आणि तुम्हाला फक्त त्यांच्यासोबत खेळायचंय, तर खुशाल घाला. मित्र पुढे निघून जाणं हेही नुकसानच आहे. एकटे खेळत असाल तर ते पेटीत ठेवून द्या. मधला मार्गही आहे: चिलखत गार्डियनचं, हत्यार स्वतः बनवलेलं. लढाई लांबते, त्यामुळे बघायला वेळ मिळतो, आणि एका फटक्यात घरी जावं लागत नाही.

एसओएस फ्लेअरबद्दलही विचारता. अनोळखी लोक मदतीला येतात, चांगली सोय आहे. पण माणसं आली की प्राण्याची हेल्थ वाढते, आणि त्याचं लक्ष चौघांत विभागल्यामुळे तो कधी कुठे वळेल ते कळेनासं होतं. शिकायचं असेल तर आधी एकटे जा. फ्लेअर उडवलाच आणि एकाच हंटमध्ये दोनदा पडलात, तर तिसऱ्यांदा पुढे घुसू नका. मागे राहा, लाइफपावडर टाकून सगळ्यांची हेल्थ भरा, फ्लॅश मारा. तो शेवटचा जीव तुमच्या एकट्याचा नाहीये.

ज्यांच्याकडे पीसी किंवा कन्सोल नाही त्यांच्यासाठी: सप्टेंबर २०२३ मध्ये आलेला मॉन्स्टर हंटर नाऊ फोनवर चालतो. तिथे साधा हंट ५० मिनिटांऐवजी ७५ सेकंदांचा, आणि हुकवायला स्क्रीनवर बोट सरकवायचं. वेळ इतका कमी की बघत बसायला जागाच नाही असं वाटतं, पण प्राणी हल्ल्याआधी तशीच नोटीस देतो आणि ऐन क्षणी हुकवलंत तर उलट वार करायची संधी मिळते. बसस्टॉपवर सराव करायला बरा आहे. फक्त रस्ता ओलांडताना नको, बरं का.

पुढच्या एपिसोडमध्ये किरिन. तो दिसायला घोड्यासारखा, अंगावर वार उलटतात, आणि वीज कुठे पडणार याचा एक पॅटर्न आहे. तोवर नर्गिगांतेला जाऊन या. कितव्यांदा पडलात ते कमेंटमध्ये लिहा, आणि त्या वेळी काटे कोणत्या रंगाचे होते तेही.