पिशवी काढली, तरी पोट का दुखतं?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, “हा आपल्या वयाचा नाही बुवा.” थांबा जरा. तुमची आई, मावशी, आत्या, काकू यांच्यापैकी कुणाची पिशवी काढलीये का, आठवून बघा. गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनला घरात ‘पिशवी काढली’ असंच म्हणतात. आणि त्यानंतर काही जणींचं ओटीपोट महिनोन्‌महिने दुखत राहतं, याबद्दल घरात कुणी बोलतच नाही.

माझ्या मावशीची पिशवी ४२व्या वर्षी काढली. गाठी होत्या, अंगावरून फार जायचं. ते थांबलं, ती खूश होती. पण सहा महिन्यांनी ओटीपोटात डावीकडे कळ यायला लागली. संडासला जायच्या आधी जास्त. फार वेळ बसलं की माकडहाडापाशी ओढ लागायची. सोनोग्राफी नॉर्मल. घरात सगळ्यांचा एकच प्रश्न: “पिशवीच नाही, तर दुखतंय काय?”

प्रश्न टोमण्यासारखा विचारला जातो, पण त्याला नीट उत्तर आहे. ओटीपोटात गर्भाशय एकटं नसतं. पुढे मूत्राशय, मागे गुदाशय, वर आतडी, खाली या सगळ्यांना झोळीसारखं पेलणारे स्नायू, आणि सगळीकडे नसांचं जाळं. गर्भाशय गेलं तरी बाकीचे तिथेच आहेत. ऑपरेशननंतरचं दुखणं ३ महिन्यांच्या पुढे टिकलं तर डॉक्टरी भाषेत ते ‘जुनाट दुखणं’ धरतात. म्हणजे त्याला नाव आहे, ते मनाचे खेळ नाहीत.

कारणं कोणती असू शकतात?

एक, चिकटणं. ऑपरेशननंतर जखम भरताना आत व्रणाचे पट्टे तयार होतात. आतडं त्यात ओढलं गेलं तर कळ येते. हे पट्टे साध्या सोनोग्राफीत बहुतेकदा दिसत नाहीत. म्हणून रिपोर्ट नॉर्मल म्हणजे दुखणं खोटं, असं होत नाही.

दोन, तळाचे स्नायू. खूप दिवस दुखलं की माणूस नकळत खालचे स्नायू आवळून धरतो. मग ते सैल पडतच नाहीत. संडास पूर्ण होत नाही, कुंथावं लागतं, त्याने दुखणं वाढतं. हे चक्र आहे.

तीन, टाक्यांजवळची नस. डॉक्टर दुखरी जागा दाबून धरतात आणि डोकं उचलायला सांगतात. दुखणं वाढलं, तर ते आतड्यापेक्षा पोटाच्या भिंतीतलं असण्याची शक्यता जास्त.

चार, आधीपासूनचे आजार. एंडोमेट्रिओसिस गर्भाशयाबाहेरही असतो, त्यामुळे पिशवी गेली तरी तो मागे राहू शकतो. आतड्यांचा चिडचिडेपणा, म्हणजे आयबीएस, हाही पिशवीबरोबर जात नाही.

आणि या सगळ्यात मेंदूचा वाटा असतो. सतत दुखण्याचे निरोप मिळाले की मेंदू अलार्मचा आवाज वाढवून ठेवतो. मग थोडा गॅस झाला तरी कळ मोठी लागते. दुखणं खरंच असतं, फक्त अलार्म जास्त जोरात वाजतो.

आता तुमचं काम. तुमच्या हातात फोन आहे. दोन आठवडे रोज रात्री तिला विचारून नोट्समध्ये चार गोष्टी लिहा: कुठे दुखलं, दहापैकी किती, संडास कशी झाली, आणि कशाने वाढलं किंवा कमी झालं. डॉक्टरांसमोर बाई “पोट दुखतं” एवढंच म्हणते, कारण लाज वाटते. ही नोंद तिच्या वतीने बोलते. जुनं डिस्चार्ज कार्ड आणि काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा रिपोर्टही सोबत न्या. अंडाशयं ठेवलीत की काढलीत, हे त्यातच कळतं.

घरी काय करता येईल? कमोडवर बसताना पायाखाली छोटा स्टूल घ्यायचा, गुडघे कमरेच्या वर आले की मार्ग सरळ होतो. कुंथायचं नाही. इसबगोल घेतला तर पाणी भरपूर हवं, नाहीतर उलटं होतं. शेक चालतो, पण चटका बसेल इतका नको. बरं वाटलं त्या दिवशी सगळं घर धुवून काढायचं नाही, काम तुकड्यातुकड्याने. आणि यूट्यूब बघून केगल सुरू करू नका. स्नायू आधीच आवळलेले असतील तर त्याने दुखणं वाढू शकतं. आधी पोट फुगवून सावकाश श्वास, स्नायू सैल सोडायला शिकणं. ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणारे फिजिओथेरपिस्ट मोठ्या शहरांत मिळतात.

डॉक्टर कधी अमिट्रिप्टिलिन लहान डोसमध्ये देतात. घरचे गूगल करून म्हणतात, “ही तर डिप्रेशनची गोळी!” लहान डोसमध्ये ती नसांच्या दुखण्यासाठी वापरतात. तिने बद्धकोष्ठ होऊ शकतं, ते डॉक्टरांना सांगा. मेडिकलमधून रोज पेनकिलर आणणं मात्र बंद. पोट आणि किडनी दोन्हींना महागात पडतं.

हे झालं तर वाट बघायची नाही: पोट फुगलंय, उलट्या होतायत आणि गॅसही सरत नाही, तर लगेच हॉस्पिटल, आतडं अडकलेलं असू शकतं. ताप, संडासातून रक्त, योनीमार्गातून रक्त, विनाकारण वजन घटणं, यांनाही तपासणी हवीच.

अजून एक. “आत चिकटलंय, परत उघडू या,” असं कुणी म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. सोडवलेले भाग पुन्हा चिकटू शकतात. आपल्याकडे ऑपरेशन किती सहज सुचवलं जातं, हे बीडने दाखवलंय. २०१९मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. फडात संडास नाही, पाणी कमी प्यायचं, दाबून ठेवायचं. अशा बाईचं पोट ऑपरेशननंतर दुखलं, तर ऐकायला कोण असतं?

मावशीचं निदान स्नायू आवळणं आणि बद्धकोष्ठ असं निघालं. पाच महिने व्यायाम केले. दुखणं शून्य झालेलं नाही. पण एसटीने तीन तास बसून ती लेकीकडे जाऊन येते. अशा दुखण्यात बरं होणं बऱ्याचदा असंच दिसतं.

तर आज घरी एक प्रश्न विचारा: “तुझं पोट अजून दुखतं का गं?” आणि उत्तर येईपर्यंत फोन खाली ठेवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!